डिस्चार्ज समरीतली चुकीची ओळ: नवा कागद मागू नका, दुरुस्ती मागा

प्रश्न: माझे बाबा ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. चार महिन्यांपूर्वी रात्री त्यांच्या छातीत दुखू लागलं, धाकट्या भावाने दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी झाली. आता बरे आहेत. विम्याचा क्लेम मात्र नाकारला गेला. पॉलिसी साडेतीन वर्षांपूर्वीची आहे, एकदाही खंड नाही. डिस्चार्ज समरीत, म्हणजे घरी सोडताना दवाखान्याने दिलेल्या उपचारांच्या गोषवाऱ्यात, ‘मधुमेह ८ ते १२ वर्षांपासून’ असं छापलंय. कंपनी म्हणते, तुम्ही आजार लपवून पॉलिसी घेतली. खरं तर बाबांना साखर निघाली ती ॲडमिट होण्याच्या आठ महिने आधी. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा साखर नॉर्मल होती. समरीत वय ६९ पडलंय. बाबांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, पूर्वी इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता, तरी समरीत ‘ॲलर्जी नाही’ लिहिलंय. भाऊ म्हणतो, ‘मी आठ महिनेच सांगितलं होतं.’ मला ते खरं वाटत नाही, आमचं बोलणं बंद आहे. दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्कवरचा माणूस म्हणतो, जुनी समरी परत आणा, तारीख तीच ठेवून नवी छापून देतो. देऊ का?
— एक वाचक, कराड

उत्तर: ताई, मूळ समरी परत देऊ नका. कुणी कितीही आपुलकीने सांगितलं तरी नाही. तिचा फोटो काढून ठेवा, चार झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत घरातून हलवू नका.

विमा कंपनीकडे पहिली समरी क्लेमबरोबर पोचलेली आहे. आता तीच तारीख आणि तीच सही असलेला, पण मधुमेहाची ओळ बदललेला दुसरा कागद गेला, तर तिथला तपासणारा माणूस दोन्ही शेजारी ठेवून बघणार. मग दवाखान्याची चूक बाजूलाच राहते आणि ‘क्लेम मिळावा म्हणून कागद बदलून घेतला’ हा आरोप तुमच्या बाबांवर येतो. आज तुमची बाजू खरी आहे. मागच्या तारखेचा कागद हातात घेतलात की ती खरी बाजू सिद्ध करणंही अवघड होऊन बसेल.

डेस्कवरच्या माणसाला तुमचं काम लवकर व्हावं असंच वाटत असेल. पण डॉक्टरांनी सही केलेला कागद बदलण्याचा अधिकार त्याला नाही. मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम केलं. तिथला नियम साधा आहे: चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि सही, तारीख, वेळ घालायची. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडून नवं जोडायचं नाही. कॉम्प्युटरवरच्या समरीचंही तसंच. ‘सुधारित’ असा स्पष्ट उल्लेख, दुरुस्ती केली त्या दिवसाची तारीख आणि दुरुस्तीचं कारण, एवढं त्यावर असेल तर तो कागद चोख. चूक उघड दिसते आणि ती कुणी, कधी, कशाच्या आधारावर सुधारली हेही दिसतं. अशा कागदाला कुणी बनावट म्हणू शकत नाही. तुम्हाला हाच मिळवायचा आहे.

आता ‘८ ते १२ वर्षं’ या आकड्याकडे जरा थांबून बघा. घरच्या माणसाने सांगितलेली माहिती सहसा अशी नसते. लोक ‘दहा वर्षं झाली’ म्हणतात, ‘पाच-सहा वर्षं’ म्हणतात; ‘आठ ते बारा’ असं कोण म्हणेल? डॉक्टरांची हाताने लिहायची एक पद्धत आहे. महिने लिहायचे तर खाली १२ लिहितात, आठवडे लिहायचे तर ५२, दिवस लिहायचे तर ७. म्हणजे ‘८/१२’ याचा अर्थ आठ महिने. कॅज्युअल्टीतल्या (तातडीच्या विभागातल्या) आर.एम.ओ.ने, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने, केस पेपरवर ‘डी.एम. ८/१२’ (डी.एम. म्हणजे मधुमेह) लिहिलं असेल आणि समरी टाइप करणाऱ्याने ते आठ ते बारा वाचून पुढे ‘वर्षं’ जोडलं असेल, असा माझा दाट संशय आहे. तसं निघालं तर तुमचा भाऊ खरं बोलतोय, डॉक्टरांनीही बरोबरच लिहिलंय, चूक फक्त टाइप करताना झाली आहे. आणि तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा दवाखान्याच्याच फायलीत पडून आहे.

म्हणून आधी इनडोअर केस पेपरची, म्हणजे ॲडमिट असतानाच्या सगळ्या नोंदींची, पूर्ण नक्कल मागा. नुसती समरी आणि बिलं पुरणार नाहीत. कॅज्युअल्टीचा पहिला कागद, ॲडमिशनच्या वेळची हिस्टरी शीट, नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा चार्ट, लॅबचे सगळे रिपोर्ट आणि कॅशलेससाठी (बिल थेट कंपनीने भरावं म्हणून) पाठवलेला प्री-ऑथरायझेशन, म्हणजे पूर्वमंजुरीचा फॉर्म. हा शेवटचा लोक हमखास विसरतात. त्या फॉर्मात जुन्या आजारांचा रकाना असतो आणि प्रत्येक आजारापुढे ‘केव्हापासून’ हे महिना आणि वर्षासह भरायचं असतं. चूक तिथेही शिरली असेल तर दुरुस्ती दोन ठिकाणी लागेल. आणि तिथे बरोबर महिना लिहिलेला असेल, तर कंपनीच्या स्वतःच्या फायलीतच तुमचं उत्तर आहे.

नक्कल देणं ही दवाखान्याची मेहरबानी नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे की ॲडमिट रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत द्यायचे. न देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन मानलं जातं. २०२३ साली नवी नियमावली आली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. कुणी ‘नियम बदलले’ म्हणालं तर एवढं सांगा. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ सालीच कागद मिळण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला आहे. झेरॉक्सचा वाजवी खर्च मागतील, तो द्या आणि पावती घ्या.

अर्ज बाबांच्या सहीने जाऊ दे. ते बरे आहेत, शुद्धीत आहेत, तेव्हा रेकॉर्ड त्यांचं आणि मागणीही त्यांचीच. तुम्ही जाणार असाल तर ‘माझ्या मुलीला कागद देण्यास माझी संमती आहे’ ही ओळ आणि दोघांच्या ओळखपत्राची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी ७२ तास मोजायला सुरुवात होते ती पोचेपासून.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. तुम्ही ती ओघात लिहिली आहे: पेनिसिलिनची ॲलर्जी.

क्लेमचे पैसे आज अडकले तर सहा महिन्यांनी मिळतील. पण उद्या बाबांना रात्री न्यूमोनिया होऊन दुसऱ्या दवाखान्यात नेलं, ते बोलण्याच्या स्थितीत नसले, तर तिथला डॉक्टर हीच समरी उघडणार. त्यावर एका हृदयरुग्णालयाच्या शिक्क्यानिशी ‘ॲलर्जी नाही’ लिहिलेलं आहे. रकाना रिकामा असता तर डॉक्टर विचारतो तरी. ‘नाही’ लिहिलेलं असलं की तो निर्धास्त होतो. अंगभर गांधी आणि श्वास कोंडणं ही गंभीर ॲलर्जीची लक्षणं आहेत, दुसऱ्या वेळी ती याहून वाईट येऊ शकते. ॲमॉक्सिसिलिनसारखी घरोघरी दिली जाणारी औषधंही पेनिसिलिनच्याच कुटुंबातली आहेत, आणि पट्टीवरच्या नावावरून घरच्या माणसांना ते ओळखता येत नाही.

म्हणून ॲलर्जीचा अर्ज वेगळा करा आणि आधी द्या. मधुमेहाच्या अर्जात तो मिसळू नका, कारण तो अर्ज विम्याचा वास येताच इन्शुरन्स डेस्ककडे सरकवतील आणि तिथे पडून राहील. ॲलर्जीच्या अर्जात तीन गोष्टी असू द्यात: कोणतं औषध, नेमकं काय झालं, साधारण कोणत्या साली आणि कुठे. नुसतं ‘पेनिसिलिन चालत नाही’ लिहिलंत तर डॉक्टरला कळणार नाही की उलटी झाली होती की जीव धोक्यात आला होता. फॅमिली डॉक्टरांच्या कागदावरही हे लिहून घ्या. बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी, त्यांच्या मोबाइलच्या आपत्कालीन माहितीत एक नोंद आणि घरातल्या वैद्यकीय फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईत एक ओळ, एवढं या आठवड्यात करा. त्यासाठी कुणाच्याही सहीची वाट बघायची गरज नाही. बाबांचं आभा खातं (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) असेल आणि ही समरी तिथे जोडली गेली असेल, तर सुधारित समरीही तिथे चढवायला सांगा. नाहीतर चुकीची प्रत जिथे जाल तिथे पुढ्यात येईल.

मधुमेहाच्या ओळीकडे परत येऊ. केस पेपर हातात येईपर्यंत बाहेरचे पुरावे गोळा करा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्तातली साखर तपासतातच, त्यामुळे तो दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट फार मोलाचा आहे. तुमच्याकडे नसेल तर नेत्र रुग्णालयात मागा, तीन वर्षं झालेली नाहीत. त्यांचे कागद नाही मिळाले तर ज्या लॅबमध्ये तपासणी झाली त्या लॅबच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट असण्याची शक्यता आहे. साखर पहिल्यांदा निघाली तो रिपोर्ट, फॅमिली डॉक्टरांची गोळ्या सुरू केल्याची पहिली चिठ्ठी आणि औषध दुकानाची त्या महिन्यापासूनची बिलं, हे दुसरं टोक. एका टोकाला ‘तेव्हा नव्हता’, दुसऱ्या टोकाला ‘तेव्हा निघाला’. मधल्या काळात आणखी कुठली तपासणी झाली असेल, एखाद्या शिबिरातली असली तरी, तीही घ्या. फॅमिली डॉक्टर पत्र देतील, पण त्यांना विनंती करा की त्यांनी आपल्या रजिस्टरमधल्या नोंदीची तारीख त्यात घालावी. नुसत्या ‘मी यांना ओळखतो’ या पत्राला विमा कंपनी किंमत देत नाही.

पुरावे जमले की दुरुस्तीचा अर्ज समरीवर ज्यांचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे त्या हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे करा, प्रत वैद्यकीय अधीक्षकांना. मजकूर लांबवू नका. असा चालेल:

‘मी आपल्या रुग्णालयात (इनडोअर क्रमांक, दाखल आणि डिस्चार्जची तारीख) उपचार घेतले. डिस्चार्ज समरीत माझा मधुमेह ८ ते १२ वर्षांपासून असल्याचे नमूद आहे. ही नोंद चुकीची आहे. मधुमेहाचे निदान (महिना, वर्ष) मध्ये झाले. आधारासाठी कॅज्युअल्टी कागदाची आणि जुन्या तपासण्यांची प्रत जोडली आहे. मूळ नोंद तशीच ठेवून, तिची दुरुस्ती आजच्या तारखेने, कारणासह आणि आपल्या सही-शिक्क्याने करून द्यावी. दुरुस्ती शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे. समरीतील वय ६९ ऐवजी ६६ असे हवे, आधार कार्डाची प्रत सोबत आहे.’

‘मूळ नोंद तशीच ठेवून’ हे शब्द गाळू नका. डॉक्टरांना भीती असते की रुग्ण रेकॉर्ड बदलायला सांगतोय आणि उद्या हेच आपल्या अंगाशी येईल. तुम्ही बदल मागत नाही, जोड मागता आहात, हे वाचलं की बरेच डॉक्टर मोकळे होतात. शक्य असेल तर ओपीडीत वेळ घेऊन बाबांना सोबत न्या. ज्यांनी बाबांचा जीव वाचवला त्यांच्याशी भांडायला आपण चाललेलो नाही, हे तुमच्या बोलण्यातून दिसू द्या. आठ महिन्यांचा मधुमेही आणि बारा वर्षांचा मधुमेही यांचे डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्याकडे बघण्याची डॉक्टरांची नजर वेगळी असते, म्हणजे ही ओळ बाबांच्या पुढच्या उपचारांसाठीही महत्त्वाची आहे, हेही त्यांना सांगा. ते त्यांना विम्यापेक्षा लवकर पटेल.

आणि कॅज्युअल्टीच्या कागदावरच ‘८ वर्षं’ असं स्वच्छ लिहिलेलं निघालं तर? तेव्हा ‘नातेवाइकाने तसं सांगितलं’ ही डॉक्टरांची बाजू खरी असेल, आणि त्यांनी ऐकलं ते लिहिलं ही नोंद त्यांना पुसता येणार नाही. तरीही ‘पूर्वीच्या रिपोर्टनुसार निदान अमुक महिन्यात झाल्याचे दिसते’ अशी जोडनोंद ते देऊ शकतात. तेवढी मागा. तीही नाकारली तर बाबांचं स्वतःचं सही केलेलं निवेदन फायलीला जोडून घ्या आणि त्याची पोच ठेवा.

दवाखान्याने उत्तरच दिलं नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. खासगी रुग्णालयांची नोंदणी आपल्याकडे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं त्यांना बंधनकारक आहे. तक्रार नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाकडे करायची. तुमच्या भागासाठी जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात चौकशी करा, महापालिका हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कच दिला आहे, पण त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे, म्हणून आज सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. माझं मत विचाराल तर ही सगळी नावं पहिल्याच अर्जात लिहू नयेत. पहिला अर्ज साधा असावा. ७२ तास आणि वर आणखी आठवडा गेला की मग स्मरणपत्रात लिहा.

विमा कंपनीच्या बाबतीत मात्र दवाखान्याच्या दुरुस्तीची वाट बघत बसू नका. क्लेम नाकारल्याचं पत्र पॉलिसीच्या कलमासह लेखी मागा, आणि पॉलिसी घेताना भरलेल्या बाबांच्या प्रस्ताव अर्जाची प्रतही मागा. त्यात प्रश्न काय विचारले होते आणि उत्तरं काय दिली होती हे तुमच्यासमोर असू दे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा: ‘नोंद चुकीची आहे, दुरुस्तीची मागणी केली आहे, पुरावे सोबत.’ आजार लपवला असं कंपनी म्हणत असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी तिची आहे. समरीतली एक ओळ, तीही तिच्या विरुद्ध जाणारे लॅब रिपोर्ट समोर असताना, पुरेशी ठरू नये, हा तुमचा मुद्दा.

सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला आजार लपवल्याचं कारण पुढे करता येत नाही, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, २०२४ पासूनचा नियम आहे. बाबांची साडेतीनच वर्षं झाली आहेत, म्हणून ते कवच तुम्हाला नाही आणि सगळं या ओळीवर येऊन ठेपलं आहे. म्हणूनच पॉलिसीचं पुढचं नूतनीकरण रागाच्या भरात सोडू नका.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा पुन्हा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात आणि निवाडा कंपनीला बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. आधी लोकपाल, नंतर गरज पडली तर ग्राहक आयोग, हा क्रम पाळा, कारण आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. आयोगासाठी दोन वर्षांची मुदत असते, ती डोळ्यांआड होऊ देऊ नका.

राहिला तुमचा भाऊ. रात्री बापाला छातीत कळा येत असताना एका हाताने त्यांना धरून दुसऱ्या हाताने फॉर्म भरणारा माणूस तो. केस पेपर हातात येण्याआधी त्याला दोषी ठरवू नका. आणि प्रेमाचा भाग बाजूला ठेवला तरी तुम्हाला तो लागणारच आहे: माहिती देणारा म्हणून कागदावर त्याचंच नाव असेल. त्याच्याकडून एक पानभर निवेदन घ्या. त्या रात्री किती वाजता पोचलो, माहिती कुणी विचारली, मी काय सांगितलं, ॲलर्जीबद्दल विचारलं होतं का आणि विचारलं असेल तर मी काय उत्तर दिलं. त्याला जे आठवतं तेवढंच, त्याच्याच शब्दांत. ॲलर्जी त्याला ठाऊक नव्हती तर तेही त्याने तसंच लिहावं. हे निवेदन दवाखान्याच्या आणि कंपनीच्या, दोन्ही अर्जांना जोडा. ते मागायला त्याला फोन करावा लागेल, तो आज करा. ॲलर्जीचा अर्ज उद्या सकाळी दवाखान्यात न्या आणि जमलं तर त्यालाही सोबत घ्या.